शटर बंद आहे ना?

एकाच लॅबमध्ये बरीच वर्षं काढली की दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे फ्रिजमधल्या नाव नसलेल्या बाटल्या आणि दुसरे किस्से. बाटल्या कधीतरी कोणीतरी वैतागून फेकून देतं. किस्से फेकता येत नाहीत. उलट चहाला कोणी नवीन माणूस बसला की ते आपणहून बाहेर येतात, आणि दरवेळी आधीपेक्षा थोडे सुजलेले असतात! मी शक्यतो सूज उतरवून सांगते.

आमची लॅब अंधेरी पूर्वेला, एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर आहे. आम्ही 'मऊ' वस्तूंचा अभ्यास करतो. जेल, क्रीम, दही, साबणाचं पाणी, मलमं, प्लास्टिकच्या पातळ फिल्म. ह्यांच्या आत कणांची मांडणी कशी आहे ते साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही. म्हणून त्यातून एक्स-रेचा अगदी बारीक झोत पाठवायचा. बराचसा झोत सरळ पलीकडे जातो, थोडासा बाजूला विखुरतो, आणि समोरच्या कॅमेऱ्यावर फिकट वलयं उमटतात. बारीक विणीच्या पडद्यातून रस्त्यावरचा दिवा बघितला की दिव्याभोवती कशी नक्षी दिसते? तसंच. त्या नक्षीवरून आम्ही आतली वीण ओळखतो.

झोत सोडायचा आणि अडवायचा तो शटरने. दुकानाचं नव्हे हो! नखाएवढी धातूची पट्टी असते. ती उघडी असली की मशीनच्या डोक्यावर लाल दिवा लागतो. त्यामुळे आमच्याकडे सकाळी 'गुड मॉर्निंग' कोणी म्हणत नाही. आत शिरणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "शटर बंद आहे ना?"

तेव्हा आधीच सांगते, आमचे बहुतेक किस्से भीतीचे आहेत. ज्ञानाचे फार कमी!

* * *

पहिली घाबरली ती माझी आई.

आम्ही मूळचे मालवणकडचे, राहायला दिंडोशीत. मला नोकरी लागली तेव्हा मी घरी पेढे घेऊन गेले आणि उत्साहात सांगून बसले की एक्स-रेच्या मशीनवर काम आहे. आईने पेढा खाली ठेवला.

"रोज एक्स-रे काढून घेतलंस तर तुझा काय होतला? तुझा लगीन जावचा आसा अजून!"

"अगं, माझा एक्स-रे नाही काढत. जेलचा काढतात."

"जेलात कोण आसा?"

समजावून उपयोग झाला नाही. शेवटी तिने फर्मान काढलं, "ता मशीन माका दाखव. मगे जा कामाक."

आमचे सेफ्टी ऑफिसर तांडेल. वर्सोव्याचे कोळी, भारदस्त माणूस, आवाज असा की कुजबुजले तरी कॉरिडॉरच्या टोकाला ऐकू जातं. त्यांनी आईला मोठ्या मानाने आत नेलं. हातात किरणं मोजायचा मीटर. तो सारखा हळूहळू टिकटिकत असतो, कारण थोडी किरणं सगळीकडेच असतात. त्यांनी मीटर बाहेर कॉरिडॉरमध्ये धरला, मग मशीनच्या दाराला लावला.

"बघा मावशी, बाहेर जेवढी टिकटिक, तेवढीच इथे. काही वाढली?"

आईने कान देऊन ऐकलं. चेहरा सैल झाला. "नाय वाढली."

इथे थांबायचं! पण तांडेलांना राहवलं नाही. आईला अजून धीर द्यावा म्हणून त्यांनी तिला लिफ्टपाशी नेलं आणि मीटर तिथल्या ग्रॅनाइटच्या भिंतीला टेकवला. मीटर भराभर टिकटिकायला लागला.

"ऐकलंत? आमच्या मशीनपेक्षा हा दगड जास्त बोलतो! दगडात असतंच थोडं. काही होत नाही त्याने."

आईने भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिचा रंगच उडाला.

"शिल्पा," ती म्हणाली, "आपल्या ओट्याक ह्योच दगड आसा!"

मला नोकरी करायची परवानगी मिळाली. पण आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर तेव्हापासून प्लायवूड आहे.

* * *

माझ्यानंतर वर्षभराने अनिकेत आला. गोवंडीहून बाईकवर यायचा. गणितात एकदम झकास, आणि तोंड दिवसभर चालू.

त्या तोंडानेच घात केला. पहिल्याच आठवड्यात तो मान मागे वळवून माझ्याशी गप्पा मारत होता, आणि बोलता बोलता त्याने मशीनचं दार ओढलं. वर लाल दिवा चालू!

खाट्!

मोठा आवाज झाला, दिवा विझला, मशीन पिकपिक करायला लागलं. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. दाराला एक कळ असते. दार जरा जरी उघडलं तरी त्याच क्षणी झोत तुटतो. तो आवाज म्हणजे सगळं नीट चाललंय ह्याची खूण. पण हे त्याला अजून कोणी सांगितलंच नव्हतं.

अनिकेत दोन्ही हात वर करून उभा, जसं काही समोर पोलीस आहेत! मी सांगतेय, "अरे, काही झालं नाही, ती कळ आहे," पण त्याला ऐकूच येईना. तसाच बाहेर गेला. थोड्या वेळाने कॉरिडॉरमधून त्याचा आवाज आला. बायकोला फोन.

"प्रियांका... नाही गं, असंच केला. जेवलीस का? ... हो, माहितीये अकरा वाजलेत. ... ऐक ना. तू माझ्यासाठी खूप केलंयस. मी कधी बोललो नाही, पण..."

आणि मग फोनमधून तिचा आवाज, आम्हाला आतपर्यंत ऐकू येईल असा, "अनिकेत! कोण आहे ती?"

तो धावत आत आला. कपाळावर घाम, फोन माझ्या हातात कोंबला. "तू बोल ना यार तिच्याशी! तू सांग काय झालं ते."

मी फोन कानाला लावला. "हॅलो, मी शिल्पा बोलतेय. अनिकेतच्या लॅबमधली..."

पलीकडून अतिशय थंड आवाजात उत्तर आलं, "अच्छा. शिल्पा का?"

* * *

किरणांची भीती निघून जाते. करंदीकर मॅडमची कधीच गेली नाही.

मॅडम आमच्या प्रमुख. मुलुंडहून येतात, वेळेच्या पक्क्या. ओरडणं त्यांच्या स्वभावात नाही. त्या फक्त चष्मा काढतात आणि म्हणतात, "बसा." ज्याला त्या 'बसा' म्हणाल्या तो माणूस उठतो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला असतो.

एकदा आमच्या नव्या जेलमध्ये एक वलय दिसायला लागलं. फिकट, पण दरवेळी त्याच जागी. मॅडम खूश. काहीतरी नवीन मांडणी हाताला लागली होती. संस्थेच्या हॉलमध्ये मोठी परिषद होती, बाहेरगावचे प्रोफेसर आलेले, दुपारी मॅडमचं भाषण आणि त्यात ते वलय सगळ्यात शेवटी.

त्याच सकाळी मला उगाच वाटलं, रिकामा होल्डर एकदा मोजून बघावा. होल्डर म्हणजे दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी लावलेली चौकट. आत जेल नाही, काहीच नाही.

वलय आलं. त्याच जागी!

चिकटपट्टीचा रोल बदलला होता, आणि आम्ही हिशोबातून वजा करत होतो ती जुन्या रोलची मोजणी. म्हणजे एवढे दिवस आम्ही अभ्यास करत होतो तो नव्या चिकटपट्टीचा. वाट लागली!

हॉलच्या बाहेर मी, अनिकेत आणि तांडेल.

"तू सांग," मी अनिकेतला म्हटलं.

"मी काय सांगू? तू सिनियर आहेस."

मी तांडेलांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. "पोरी, मी वादळात होडी घेऊन गेलोय. पण हे माझ्याच्याने होणार नाही."

मी गेले. मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांच्या आधीच्या वक्त्याचं संपत आलं होतं. मी कानाशी वाकून सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. त्या काही म्हणायच्या आतच मी बाजूच्या खुर्चीवर बसले!

"खात्री आहे?"

"नुसती पट्टी लावून दोनदा बघितलं, मॅडम."

त्यांनी चष्मा पुसला, घातला आणि वर गेल्या. सगळं भाषण नेहमीसारखं केलं. शेवटी ते वलय पडद्यावर आलं. मॅडम म्हणाल्या, "ह्या वलयाने माझ्या टीमची झोप उडवली होती. आज सकाळी माझ्या सहकारी मुलीने शोधून काढलं की ही चिकटपट्टी आहे. धन्यवाद. काही प्रश्न?"

हॉल खदखदून हसला. मी जिवंत होते.

मागच्या रांगेत एक वयस्कर प्रोफेसर मात्र हसत नव्हते. ते हळूच उभे राहिले. त्यांनी माइक मागून घेतला, आणि घसा खाकरून विचारलं, "पट्टी... कुठल्या कंपनीची आहे, मॅडम?"

त्या आवाजातली भीती आम्ही तिघांनी बरोबर ओळखली. सकाळपासून आमचीच तर होती!

* * *

आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून एक हाउसिंग सोसायटी आहे. बरीच वर्षं काही त्रास नव्हता. मग कोणीतरी आमच्या दारावरच्या पिवळ्या पाटीचा फोटो काढला. किरणांचं चिन्ह असलेली, तीन पाती असतात ती पाटी. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला आणि पेटलं.

कोणाची तुळस वाळली होती. कोणाचे केस गळत होते. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे सोसायटीतली कबुतरं एकाएकी नाहीशी झाली होती! आम्हाला विचाराल तर शेजारी टॉवरचं काम चालू होतं, दिवसभर धाडधाड आवाज, कबुतरं राहतील कशाला? पण घाबरलेल्या माणसाला आवाज ऐकू येत नाही.

एक दिवस वीसेक माणसं दारात. पुढे सेक्रेटरी दळवी. "मशीन बंद करा! आमच्या मुलाबाळांच्या जिवाशी खेळताय!"

तांडेल त्यांच्या पद्धतीने बोलायला लागले, तसा आवाज अजून चढला. तेवढ्यात मागे उभी असलेली एक बाई पुढे आली. कडेवर मुलगी. ती ओरडली नाही. मॅडमना एवढंच म्हणाली, "हिची खाट ह्या बाजूच्या खिडकीला आहे. मी खाट हलवू का, तेवढं सांगा."

मॅडमनी चष्मा काढला, पण 'बसा' म्हणाल्या नाहीत. "नका हलवू. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तांडेल तुमच्या घरी मीटर आणून ठेवतील. पहिला दिवस मशीन चालू ठेवू, मग बंद. दोन्ही आकडे तुम्ही स्वतः बघा. सगळ्यांची खात्री पटेपर्यंत ते बंदच राहील."

तांडेलांनी मीटर नेला, त्या खाटेपाशी ठेवला, आकडा कसा वाचायचा ते बाईंना शिकवलं. अख्खी सोसायटी त्या घरात येऊन आकडा बघून गेली. मशीन चालू असो की बंद, आकडा हलला नाही. आमचं मशीन मात्र बंदच पडून राहिलं.

योगायोग असा की त्याच सुमारास शेजारच्या टॉवरवर दिंडोशी कोर्टातून स्थगिती आली आणि ती धाडधाडही थांबली.

पुढच्या आठवड्यात दळवी एकटेच आले. चेहरा ओशाळलेला. मॅडमच्या केबिनमध्ये खुर्चीच्या टोकावर बसले.

"मॅडम, मशीन परत कधी सुरू करताय?"

"तुमची सगळ्यांची खात्री पटली की लगेच."

"पटली हो! केव्हाच पटली." मग त्यांनी आवाज खाली आणला. "कबुतरं परत आलीत. सगळ्या एसींवर घाण करून ठेवलीये. जरा... आमच्या बाजूला वाढवून मिळेल का?"

* * *

आता हा जो सांगते तो आम्ही चहाला सांगत नाही.

आमच्याकडे प्रत्येकाला एक छोटा बॅज असतो, कपड्याला लावायचा. अंगावर किती किरणं पडली ते त्यात साठतं. दर तीन महिन्यांनी बॅज तपासायला बाहेर जातात आणि निकाल नेहमीच 'काही नाही' असा येतो. इतका नेहमी, की आम्ही विचारायचंही सोडून दिलं होतं.

एव्हाना माझं लग्न झालं होतं, पोटात बाळ होतं, आणि मला चौथा महिना होता. मशीनच्या खोलीत मी जातच नव्हते. माझं टेबलही तिथून हलवून मॅडमच्या केबिनच्या भिंतीला लावलं होतं. सुरक्षित म्हणून!

एका दुपारी तांडेल आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. ते कधी दार लावत नाहीत.

"एका बॅजचा निकाल वर आलाय."

"कुणाचा?" अनिकेतने विचारलं.

तांडेलांनी मॅडमच्या केबिनकडे बघितलं.

मॅडम मशीनपाशी क्वचित जायच्या. दिवसभर केबिनमध्ये. मग त्यांच्या बॅजवर किरणं आली कुठून? केबिनमध्ये येत असतील तर भिंतीच्या अलीकडे काय? अलीकडे मी होते.

माझा हात आपोआप पोटावर गेला. तांडेलांनी ते बघितलं आणि मीटर उचलला. संध्याकाळपर्यंत तो माणूस गुडघ्यांवर बसून भिंतीचा इंच न् इंच तपासत होता. काही सापडलं नाही. पण सापडलं नाही म्हणून धीर येत नाही. उलट वाटतं, अजून नीट शोधलं नाहीये.

घरी गेले. जेवण गेलं नाही. आईने विचारलं, मी म्हटलं, पित्त झालंय. नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. चष्मा आधीच काढलेला होता. "बसा," म्हणाल्या. स्वतः उभ्याच राहिल्या.

"भिंत तपासू नका. भिंतीत काही नाही." मग चष्मा टेबलावर ठेवत, "माझ्या मिस्टरांना थायरॉइडचा कॅन्सर आहे. उपचार म्हणून किरणोत्सारी आयोडीन दिलंय. ते घेतल्यावर काही दिवस पेशंटच्या अंगातूनच किरणं येतात. माझा बॅज चुकून पर्सला राहिला होता. पर्स त्यांच्या उशाशी होती."

बॅज घरी नेऊ नये म्हणून आम्हाला सगळ्यात जास्त ज्यांनी झापलं होतं त्या ह्याच.

तांडेलांचा आवाज पहिल्यांदाच खरोखर खाली आला. "मॅडम, हॉस्पिटलवाल्यांनी लांब बसायला सांगितलं असेल ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"घाबरले होते हो ते, तांडेल. लांबून कसं बसणार?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "शिल्पा, मी कालच सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. तुझी रात्र गेली त्यात."

मला रागवायचं होतं. खरंच. भिंतीपलीकडच्या किरणांना मी रात्रभर शिव्या घातल्या होत्या. पण रागच येईना.

"सर आता कसे आहेत?" अनिकेतने विचारलं.

"बरे आहेत," मॅडम म्हणाल्या. "नियम मोडला म्हणून माझ्यावर ओरडतात."

* * *

आणि हा अनिकेतचा.

मशीनची सर्व्हिसिंग होती. बाहेरचा इंजिनियर आला होता. झोत नीट सरळ करताना दार उघडं ठेवून बघावं लागतं, म्हणून त्याने दाराची कळ तात्पुरती बाद केली होती आणि लाल दिव्याची वायरही काढली होती. काम संपलं की दोन्ही परत जोडायचं. पण त्याला फ्लाइट पकडायची होती, फोनवर फोन येत होते. तो मशीनवर एक टेस्ट मोजणी चालू ठेवून, "सगळं ओके," म्हणून निघून गेला.

दुपारी अनिकेत मशीनपाशी गेला. आतली नमुन्याची काचेची नळी त्याला वाकडी दिसली. दिवा बंद होता. त्याने दार उघडलं. त्याच्या डोक्यात आलं, मशीन बंद आहे. हात आत घालून तो नळी सरळ करत बसला. गुणगुणत होता, मला ऐकू येत होतं.

मी बाजूच्या खोलीत कॉम्प्युटरवर दुसरंच काही करत होते. सहज नजर गेली. स्क्रीनवर मोजणी चालू होती.

"अनिकेत, हे मोजतंय कसं?"

"काय मोजतंय?"

"शटर उघडं आहे."

गुणगुणणं थांबलं.

मी धावले तेव्हा तो मशीनपासून लांब उभा होता. उजवा हात स्वतःपासून दूर धरलेला, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि त्याच्याकडे सांभाळायला दिलाय. तांडेलांनी येऊन मेन स्विचच पाडला.

"कुठलं बोट?"

"माहीत नाही. अख्खा हात आत होता."

हा झोत दवाखान्यातल्या एक्स-रेसारखा पसरट नसतो. सगळी ताकद एका बारीक ठिपक्यात. त्यात बोट पुरेसा वेळ राहिलं तर कातडी जळते. आणि लगेच कळतही नाही. दुखत नाही, खुपत नाही. बऱ्याच दिवसांनी लाल होतं, मग पुढचं.

बोट झोतात आलं होतं का, हे कळायचा एकच मार्ग होता. कॅमेरा दर काही सेकंदांनी एक फोटो घेत होता. हा झोत बोटातून पलीकडे जात नाही. बोट आडवं आलं असेल तर तेवढ्या वेळेचा फोटो काळा असणार.

मी खुर्चीवर बसले. मागे अनिकेत, हात काखेत दाबून. तांडेल. मॅडमही येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या दिवशी 'बसा' कोणी कोणाला म्हणालं नाही.

मी बटण दाबत गेले. वलयं. वलयं. परत वलयं. छान, स्वच्छ वलयं. मागे तांडेलांचा श्वास ऐकू येत होता. वलयं.

काळा.

माझं बोट बटणावरच राहिलं.

"पुढचा," अनिकेत म्हणाला.

पुढच्यात वलयं होती. त्याच्या पुढच्यातही. शेवटपर्यंत वलयंच.

"एकच आहे," तांडेल म्हणाले. त्यांनी तिथेच बसून हिशोब मांडला, दोनदा तपासला. "जळण्याइतकं नसावं." मग स्वतःशीच परत म्हणाले, "नसावं."

त्या दुसऱ्या 'नसावं'ने आम्हा सगळ्यांचं अवसान गेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता करण्यासारखं काही नाही, बोटांवर लक्ष ठेवा. कुठलं बोट ते ठाऊक नाही, म्हणून पाचही! मग आमचे ते दिवस सुरू झाले. अनिकेत आत आला की आम्ही आधी त्याच्या हाताकडे बघायचो, मग तोंडाकडे. त्याचं बोलणं बंद झालं. जेवायचा डाव्या हाताने. आपल्या लहान मुलीला उजवा हात लावायचा नाही. त्याने तिला काही झालं नसतं, हे त्याला आमच्याइतकंच माहीत होतं.

प्रियांका एकदा लॅबमध्ये आली. रडली नाही, भांडली नाही. मॅडमसमोर सरळ उभी राहिली.

"मॅडम, बोट जाईल का?"

"नाही जाणार. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

त्यांनी तिचा हात धरला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.

मग एका सकाळी अनिकेत आला आणि त्याने तर्जनी माझ्यासमोर धरली. टोक लाल होतं. लालभडक!

तांडेलांनी गाडी काढली. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून बघितलं, उलटसुलट केलं, परत बघितलं.

"कधीपासून आहे?"

"कालपासून."

"हे बोट तुम्ही दाबून बघता का?"

"हो."

"कसं? दाखवा."

अनिकेतने अंगठ्याच्या नखाने बोटाचं टोक करकचून दाबलं. सोडलं. परत दाबलं. सोडलं.

"दिवसातून किती वेळा?"

"सारखंच," अनिकेत म्हणाला.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "दाबणं बंद करा. आठवड्याने या."

आठवड्याने बोट साफ होतं. त्यानंतरही महिनाभर त्यांनी त्याला बोलावलं, बघितलं आणि मग सोडलं. इंजिनियरच्या कंपनीला मॅडमनी काय सुनावलं ते आम्हाला केबिनबाहेर ऐकू आलं नाही, पण त्यांचे दोन साहेब बाहेर आले तेव्हा दोघांचे शर्ट पाठीला चिकटलेले होते. आता सर्व्हिसिंग झाली की तांडेल स्वतः दार उघडतात, आणि 'खाट्' ऐकल्याशिवाय कोणालाही गेटबाहेर सोडत नाहीत.

अनिकेतचं बोलणं हळूहळू परत आलं. बोलायला लागला तेव्हा पहिली गोष्ट त्याने माझ्याकडे मागितली ती म्हणजे त्या एका काळ्या फोटोची फाइल. मी पाठवून दिली.

परवा कॅन्टीनमध्ये आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी त्याच्या समोर बसली होती. टेबलावर त्याचा फोन पडलेला. तिने वाकून बघितलं.

"सर, तुमचा फोन बंद पडलाय वाटतं. सगळं काळं दिसतंय."

"चालू आहे," अनिकेत म्हणाला. "फोटो आहे तो."

"कुणाचा?"

"माझा."